सावडणं

तिसऱ्या दिवशी सकाळी, अमरधाममध्ये
राखेवर दूध शिंपडून
अण्णांना सावडत होतो,
तेव्हा शालनच्या बोटांना ते लागलं.
हाड नव्हतं.
वीत आणि वर चार बोटं लांब,
दोन स्क्रू अजून जागच्या जागी.

मांडीतली सळई, मी म्हणालो,
आणि सवयीनं तळहातावर जोखली,
अंबडच्या शेडमध्ये रोज जोखतो तशी.
पोलादाच्या निम्म्याहून थोडी जड, बस.
टायटॅनियम.

अण्णा तांबट. आळीत ठोके उरले होते
त्यात एक ठोका त्यांचा.
तांबं स्वतः सांगतं, आता पुरे, म्हणायचे,
मग ते भट्टीत घालायचं, मऊ करायचं,
पुन्हा समजावायचं.
मी नोकरीला लागलो तेव्हा
एक तुकडा खिशातून आणून दाखवला.
हातोडीनं टोकला, कान लावला.
"आवाज आहे,
पण आपल्या गावचा नाही."

गाव लांबचंच, मी सांगितलं.
विलायतेत, दोनशेवर वर्षांपूर्वी,
एका खेड्यातल्या पाद्र्याला
ओढ्याच्या काळ्या वाळूत गवसला.
वाळू लोहचुंबकाला चिकटायची.
त्यानं तिच्यातलं लोखंड वेगळं केलं,
उरलं ते कुठल्याच यादीत नव्हतं.
नाव पुढे भलत्याच माणसानं ठेवलं.
"पोर एकाचं, बारसं दुसऱ्याचं," अण्णा म्हणाले,
आणि पंचपात्रीला कड घालू लागले.

धातू म्हणून हातात यायला
त्याला आणखी शंभरावर वर्षं लागली.
ऑक्सिजनचा हात सोडतच नाही तो.
कोळशासोबत लाल करून क्लोरीन सोडावा लागतो,
मग पाण्यासारखा एक द्रव निघतो,
उघड्यावर आला की नुसता धूर.
तो वितळलेल्या मॅग्नेशियमवर सोडायचा,
बंद भांड्यात, हवा काढून, आर्गॉन भरून,
दिवसचे दिवस.
शेवटी भांड्यात करडा स्पंज,
फोडून काढायचा, दाबायचा,
निर्वातात पुन्हा वितळवायचा.
"तांबं एवढे नखरे करत नाही," अण्णा.
पण ऐकलं मात्र शेवटपर्यंत.

लेथवर त्याचा ताप त्याच्यात मुरत नाही,
टूलच्या टोकावर बसून राहतो.
सावकाश, निकुळे फोरमन ओरडतात,
कूलंट सोड, सावकाश!
त्याचा बारीक कीस पेटला तर पांढरा पेटतो,
पाणी मारलं तर जास्तच.
म्हणून दाराशी बादली कोरड्या वाळूची,
गोदावरीची, चाळलेली.
एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत
तिच्यातून मी चुंबक फिरवला.
काळे कण दाढीसारखे लटकले.
आपल्या काळ्या कातळातही असतो तो, चिमूटभर,
इथला डोंगर पातळ होऊन वाहिला तेव्हापासून.
हे अण्णांना सांगायचं राहिलं.

पाय मोडला तेव्हा सिव्हिलमध्ये
डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला.
मांडीत एक शुभ्र रेघ.
"तुझ्या हातची?" अण्णांनी विचारलं.
हो म्हणालो.
खोक्यावरचं नाव मी वाचलं होतं,
कंपनी कुठल्याशा दुसऱ्या राज्यातली.
हाडाला हा परका वाटत नाही,
त्याला धरून हाड वाढतं,
एवढं मात्र खरं सांगितलं.
मग तीन वर्षं ते लोकांना सांगत राहिले,
पोरानं घडवलेल्या पायावर चालतो.

आता सळईवर पोपडे आलेत.
एक टोक चितेच्या कडेला राहिलं असावं,
तिथे गवती पिवळा, मग जांभळा, मग निळा.
रंग कुणी लावलेला नाही,
आगीनं वाढवलेल्या पापुद्र्यात
उजेड अडकतो फक्त.

रामकुंडावर गुरुजींनी मडकं रिकामं करवलं.
इथे अस्थी विरघळतात, म्हणाले.
मग माझ्या मुठीकडे बघून,
"हेही सोडायचं का?"
समुद्राचं खारं पाणी ज्याला खात नाही
त्याला हे कुंड काय करणार?
मागे रांग होती.
कुणी सुरतेहून आलेले, कुणी जळगावहून,
आपापलं मडकं छातीशी धरून.

मी खाली वाकलो
आणि दगडी पायरीवर सळई
एकदा, हळू, टोकली.

शालन म्हणाली, "पुन्हा."